खाऊचा पुडा मिळतो, पाळणाघर कधी मिळणार?

लहान पोरं असलेल्या बाईने कामावर जायचा विषय काढला की आमच्याकडे उत्तर तयार असतं. "घरात म्हातारी आसा मा, मगे पाळणाघर होया कित्याक?" हे मी बाजारात ऐकलंय, ग्रामपंचायतीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. बोलणाऱ्याने बहुतेक वेळा दीड वर्षाच्या पोरासोबत सलग अर्धा दिवसही काढलेला नसतो. त्याच्या हिशेबी पाळणाघर ही मुंबई-पुण्याच्या बायकांची गरज. गावात आजी आहे, पडवी आहे, शेजार आहे. पोरं काय, अशीच वाढतात.

मला हे पटत नाही. सिंधुदुर्ग असो, रत्नागिरी असो की रायगडचा किनारा, इथल्या आईला पाळणाघराची गरज शहरातल्या बाईइतकीच आहे, काही कामांत तर तिच्याहून जास्त. त्यासाठी नवी इमारत, नवं खातं असलं काही उभारायला नको. जी अंगणवाडी आहे ती दिवसभर उघडी ठेवा, तीन वर्षांखालच्या पोरांना तिथे निजायला-खेळायला जागा द्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाईला नीट पगार द्या. मागणं एवढंच आहे. ऐकायला सोपं वाटतं तेवढं ते सोपं नाही, हेही मला ठाऊक आहे.

आधी त्या आजीचं बघू. आमच्या वाडीत आजी म्हणवणाऱ्या निम्म्या बायका पन्नाशीच्या आतबाहेरच्या आहेत. त्या घरात बसलेल्या नाहीत. कुणी काजूच्या कारखान्यावर जाते, कुणी पाटी घेऊन मासे विकते, लावणीच्या दिवसांत सगळ्याच शेतात असतात. दुसरं म्हणजे आजी गावात असतेच असं नाही. थोरला मुलगा विरारला नाहीतर दिव्याला राहतो, तिथली सून नोकरी करते, तिचं पोर कोण बघणार? मग गणपती झाले की आजीला तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसवून देतात, ती शिमग्याला परत येते. मुंबईच्या सुनेला न परवडणारं पाळणाघर कोकणातली आजी फुकटात चालवते आणि इकडे गावच्या सुनेला सांगितलं जातं, आजी आहे ना! एकच बाई दोन ठिकाणी मोजली जाते. उरल्या त्या खरोखरच्या म्हाताऱ्या. त्यांचे गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि आवारात बिनकठड्याची विहीर. चालायला लागलेलं पोर त्यांच्या ताब्यात द्यायचं म्हणजे जीव टांगणीलाच.

आजोबा-बाबांचं काय? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका मोजल्या गेल्या. लोक हे कौतुकाने सांगतात. त्यातला मोठा भाग आहे तो मुंबईला नाहीतर आखातात गेलेल्या पुरुषांचा. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. माणसं कमी झाली, कामं कमी झाली नाहीत. रेशन, बँक, शाळेतली पालकसभा, पोराचा ताप, सासऱ्यांची बीपीची गोळी, गळकी कौलं, हे सगळं गावात उरलेल्या बाईच्या गळ्यात.

आणि जे पुरुष गावात आहेत त्यांच्याबद्दल एक बोलून घेते, मग राग येवो कुणालाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. खलाशी, तांडेल, सगळे घरी. दोन महिने बाप दारात असताना पोराची शी कोण धुतं, भात कोण भरवतं, हे कुठल्याही मच्छीमार वाडीत जाऊन बघा. देशभराचं चित्र वेगळं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. सांभाळ-शुश्रूषेत तिची १३७ मिनिटं, त्याची ७५. त्यातही पुरुषांचा हिशेब करणाऱ्यांपुरताच आहे, म्हणजे जे त्या कामाला हातच लावत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. तरी बापाला शहाणपण येईपर्यंत पाळणाघर थांबवून ठेवा, असं मला म्हणायचं नाही. तोवर पोरं मोठी होऊन लग्नाला येतील.

इथल्या कामांचा स्वभाव कळल्याशिवाय हा प्रश्न नीट कळत नाही. काजूचंच घ्या. आमच्या भागात मोठ्या कारखान्यांपेक्षा छोटे-छोटे घरगुती युनिट जास्त. बिया उकडून येतात, हातापायाने चालवायच्या मशीनवर फोडायच्या, गर काढायचा, भट्टीत सुकवून साल सोलायची, मजुरी किलोवर. फोडताना टरफलातून तेल सुटतं. ते कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, बोटं काळी पडतात, साल निघते. बायका हाताला खोबरेल आणि राख चोपडून बसतात. माझ्या शेजारणीचं पोर आठ महिन्यांचं होतं तेव्हा तिने मागच्या पडवीत मशीन मांडलं होतं. पोराला साडीच्या झोळीत टाकायचं, पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोका द्यायचा आणि हाताने बी फोडायची. पोर रडलं की उठायचं, आधी राखेने, मग साबणाने हात चोळून धुवायचे, तरी पाजताना बोटं त्याच्या गालाला लागू नयेत म्हणून तळहात उलटा धरायचा. पाजून झालं की परत खोबरेल, परत राख. असं दिवसभर. किलो भरत नाहीत म्हणून मालक कुरकुरायचा आणि ती रात्री पोर झोपल्यावर बल्बखाली बसून किलो भरून काढायची.

कारखाना कायद्याने १९४८ सालीच सांगितलं होतं की पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं; १९७६ च्या दुरुस्तीने तो आकडा तीसवर आणला. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली, तिने पन्नास किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. चांगलं झालं. पण जिथे दहा-बारा बायका शेडमध्ये आणि बाकीच्या आपापल्या पडवीत काम करतात, तिथे हा आकडा भरायचा कधी? कायद्याने पाळणाघर मालकाच्या दाराशी बांधलं, आमच्याकडच्या कामाला धड मालकच नाही.

किनाऱ्यावरचं काम तर घड्याळातच बसत नाही. होड्या लागतील तेव्हा लिलाव, लिलाव झाला की पाटी भरून टेम्पो नाहीतर एसटी गाठायची. उशीर झाला तर मासळी नरम, गिऱ्हाईक गेलेलं. तिसऱ्या, खुबे, कालवं काढणाऱ्या बायकांना ओहोटी गाठावी लागते, आणि ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला असलेली ओहोटी आठवड्याने दुपारी दोनच्या आसपास येते. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईला पोर कडेवर घेता येत नाही. ते काठावर सात वर्षांच्या ताईच्या ताब्यात असतं. त्या ताईची त्या दिवशी शाळा बुडते, आणि गुरुजी हजेरीत 'गैरहजर' लिहितात. आंब्याच्या दिवसांत वेगळीच तऱ्हा. मार्च ते मे पेट्या भरायचं काम जोरात, रोजंदारी मिळते, आणि नेमकी मे महिन्यात शाळेला सुट्टी. सगळी पोरं घरात आणि आई बागेत.

अंगणवाडीला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. आमच्या सेविकेला वाडीतल्या प्रत्येक पोराचं वजन तोंडपाठ आहे, कोण गेल्या महिन्यात घटलं ते ती रस्त्यात थांबवून सांगते. माझी थोरली तिथेच गाणी शिकली, रांगेत हात धुवायला शिकली, घरी कधी न खाल्लेली उसळ तिथे खाऊन आली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो, लसीकरणाचा दिवस तिथेच होतो. पण हे सगळं सकाळच्या काही तासांत उरकतं. मी पोरीला सोडून तालुक्याची गाडी पकडते, कामाच्या जागी पोचून खुर्चीत बसते न बसते तोच इकडे अंगणवाडी सुटायची वेळ होते. मग शेजारी फोन करायचा, "आजचो दिस बघशीत गो?" आज ही, उद्या ती. उपकार फेडता फेडता पगारातले निम्मे पैसे मासळीत आणि खाऊत जातात.

आणि तीन वर्षांखालच्या पोराचं काय? त्याच्या नावाने घरी न्यायचा शिध्याचा पुडा मिळतो. त्याला तिथे बसायला जागा नाही. वजन करायचं, पुडा घ्यायचा, घरी जायचं. आईची सगळ्यात जास्त दमछाक होते ती याच वयात. पोर धड कळतं नसतं, धड एका जागी बसत नसतं, आणि जे हातात येईल ते तोंडात घालतं. सरकारला त्याचं वजन हवं, सांभाळ मात्र आईने बघावा.

हे शहाणपण आपल्याकडे नव्हतं असंही नाही. ते याच किनाऱ्यावर, आपल्याच बायकांना फार आधी सुचलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. पोरं बालवाडीत येत नाहीत हे दिसलं तेव्हा त्यांनी आईबापांना दोष दिला नाही, बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. आणि मोठ्या मुली का येत नाहीत, तर त्यांच्या काखेत धाकटी भावंडं असतात हे कळल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताई वर्गात, धाकटा शेजारी पाळण्यात, आई कामावर. त्याला त्या विकासवाडी म्हणत. खाडीच्या काठावर भावाला घेऊन बसलेल्या आमच्या त्या सात वर्षांच्या ताईचं उत्तर तिथे कित्येक दशकांपूर्वी शोधून ठेवलेलं आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. अंगण सगळीकडे गेलं, पाळणा मात्र कोसबाडच्या टेकडीवरच राहिला.

तो परत आणायची सुरुवात कागदावर झाली आहे. २०२२ पासून मिशन शक्तीखाली केंद्राची 'पाळणा' नावाची योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं घ्यायची, त्यासाठी वेगळी कार्यकर्ती आणि मदतनीस नेमायची. कल्पना उत्तम, मला हवी तीच. पण २०२५-२६ पर्यंतचं लक्ष्य होतं १७,००० केंद्रांचं, आणि देशात अंगणवाड्या आहेत चौदा लाखांच्या घरात. साधारण ऐंशी अंगणवाड्यांमागे एक. त्या एकासाठी शहरातल्या झोपडपट्ट्या, विटभट्ट्या, ऊसतोडीचे तळ, चहाचे मळे सगळेच रांगेत. "कोकणात आजी आहे" असं आपणच म्हणत राहिलो तर रांगेत आपला नंबर शेवटचा लागणार, आणि तो लागतोच आहे.

"लहान पोर आईपाशीच हवं" हा दुसरा आक्षेप. म्हणणारी बहुतेकदा सासू असते, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. सहा महिन्यांच्या पोराला दिवसभर परक्याकडे ठेवायला कुठल्या आईला आवडेल? पण आईपाशी म्हणजे नक्की कुठे? काजूच्या तेलाशेजारी, की आंब्याच्या पेट्यांवर ठोकायच्या खिळ्यांत? आई घरी बसून त्याला मांडीवर घेऊन अंगाई म्हणतेय आणि सरकार तिच्याकडून पोर हिसकावतंय, असं चित्र रंगवलं जातं. प्रत्यक्षात आई आधीच कामावर आहे, पोर आधीच कुणाच्या तरी भरवशावर आहे. तो भरवसा पक्का असावा एवढंच मागतेय. पाळणाघर चालण्याच्या अंतरावर असेल तर आई मधल्या वेळेत येऊन पाजूनही जाईल. हे शहरातल्या बाईला जमत नाही, आमच्या वाडीत सहज जमेल. ज्या बाईला पोर घरीच ठेवायचंय तिने ठेवावं, तिच्यावर कुणाची बळजबरी नाही.

हापूसच्या बागांत राखणीला नेपाळहून आलेली जोडपी असतात, बोटींवरही नेपाळी खलाशी आहेत. त्यांची आजी तर शेकडो मैलांवर. बागेच्या टोकाच्या खोपटात दोन-तीन वर्षांची पोरं एकटी खेळताना मी बघितली आहेत. आपलं कोण, परकं कोण हा वाद घालणाऱ्यांनी एवढं आठवावं की आपले चाकरमानी मुंबईत पहिल्यांदा गेले तेव्हा तेही असेच खोपटात राहिले होते.

आता सगळ्यात खरा आक्षेप, आणि तो सेविकांचाच आहे. त्या म्हणतात, अजून एक काम आमच्याच डोक्यावर? बरोबर आहे त्यांचं. सर्वेक्षण त्या करतात, लसीकरणाला बायकांना त्या गोळा करतात, निवडणुकीच्या याद्यांना त्या, वरून पोषण ट्रॅकर नावाच्या सरकारी ॲपमध्ये रोजची नोंद. आमच्या वाडीत रेंज येते ती देवळाच्या पायरीवर, तेव्हा सेविका पोरांना मदतनिसाच्या हवाली करून फोन उंच धरून तिथे उभी असते. या सगळ्याला पगार नाही, मानधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारीतही तो संप चालू होता. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला, म्हणजे न्यायालयालाही हे काम निव्वळ समाजसेवा वाटलं नाही. त्याच सेविकेला संध्याकाळपर्यंत थांबवून त्याला पाळणाघर म्हणायचं असेल तर मला ते पाळणाघर नको. दुपारपासूनची बाई वेगळी हवी, तिला रोजाच्या हिशेबाने पैसे हवेत, आणि दहा-बारा रांगत्या पोरांमागे एकटी बाई ठेवून चालणार नाही.

पैसे कुठून आणायचे? पोर सांभाळणं हे पैसे देण्याजोगं काम आहे हे सरकारने एका जागी लिहून ठेवलेलं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना बघायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, अशी तरतूद होती. खड्डा खणणारीला जेवढे, पोर बघणारीला तेवढेच. हा हिशेब रस्त्याच्या कामावर चालला, तर अंगणवाडीच्या पडवीत का चालू नये? शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. लहान पंचायतीत ती रक्कम फार नसते, पण जी असते तिची खुर्च्या, सतरंज्या आणि हळदीकुंकवाच्या वाणात वाट लागते. तेवढ्यात बिनकठड्याच्या विहिरीला जाळी, चार पाळणे, दुपारच्या पेजेचे तांदूळ आणि पावसाळ्यात साकवापलीकडून पोरांना आणायला एक रिक्षा तरी निघेल. पगार मात्र सरकारनेच द्यावा. वर्गणीवर पाळणाघर चालवायचा प्रयोग आमच्या शेजारच्या गावात झाला आणि एका पावसाळ्यात बंद पडला, कारण जिला सगळ्यात जास्त गरज होती तिलाच वर्गणी परवडेना.

सुरुवात सगळीकडे एकदम नको. बंदराची गावं, काजूचे पट्टे, कालवं-तिसऱ्या काढणाऱ्या खाडीकाठच्या वाड्या, एवढ्या घ्या. वेळ मात्र गावाने ठरवावी, जिल्ह्याने नको. बंदरावर पहाटेपासून लागेल, काजूच्या पट्ट्यात सकाळी नऊ ते सहा, आंब्याच्या दिवसांत सुट्टी नको, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असताना बंदरावरची वेळ कमी केली तरी कुणाची हरकत नसेल. बाप आहेतच घरी.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते असा नियम आहे. आमच्याकडे ती सकाळी अकराला लावतात. त्या वेळी निम्म्या बायका बाजारात आणि उरलेल्या कडेवर पोर घेऊन दाराशी उभ्या. पोर रडलं की बाई उठून बाहेर जाते आणि तेवढ्यात ठराव वाचून, मंजूर होऊन, वहीत चढतो. येत्या सभेची वेळ संध्याकाळी पाचची मागितली आहे. पाळणाघराचा अर्ज तालुक्याच्या बालविकास कार्यालयात पाठवायचा ठराव सेविकेने आणि मी मिळून लिहून ठेवलाय, सोबत सहा महिने ते तीन वर्षांच्या पोरांची यादी. सभेच्या दोन तासांपुरती पोरं बघायला वाडीतले दोन बाप्ये ठरवलेत. एक हो म्हणालाय. दुसरा म्हणतो, बायकोला विचारून सांगतो.